साथ आली तरी ओटी (ऑपरेशन थिएटर) चालू ठेवायची कशी

तालुक्याच्या गावी व्याख्यानमालेत एका भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन.

नमस्कार. कोविडवर तुम्ही आतापर्यंत खूप ऐकलंय, बेड, रेमडेसिविर, लस, ऑक्सिजन, सगळं झालंय बोलून. मला आज त्याच्या बाजूला राहून गेलेल्या लोकांबद्दल बोलायचंय. ज्यांना कोविड झालाच नव्हता, पण ज्यांचं हर्नियाचं, पित्ताच्या खड्यांचं, मोतीबिंदूचं, गर्भपिशवीचं, नाहीतर कॅन्सरचं ऑपरेशन ठरलेलं होतं आणि मार्च २०२० मध्ये एका फोनवर ते रद्द झालं, ती माणसं. "नंतर बघू" असं सांगितलं त्यांना, आणि ते नंतर कधी येणार हे सांगणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला कळेल मी कुठे चाललेय. सुरुवातीचे काही आठवडे हात आखडता घेणं बरोबर होतं, तेव्हा कुणालाच काही माहीत नव्हतं, पीपीई किट नव्हते, टेस्ट मिळत नव्हत्या. पण त्यानंतरही जिथेतिथे सरसकट ऑपरेशन बंद ठेवली गेली, त्याची गरज नव्हती, आणि हे मी नंतर शहाणपण सुचलं म्हणून म्हणत नाहीये, त्याच काळात मुंबईतच एका हॉस्पिटलने हे करून दाखवलं होतं. त्यावर येते.

आधी भूलतज्ज्ञ या सगळ्यात कुठे असतो ते सांगते. तुम्ही ऑपरेशनला जाता तेव्हा सर्जन पोटाशी उभा असतो, आम्ही डोक्याशी. पूर्ण भूल द्यायची म्हणजे काय करतो, तर शिरेतून झोपेचं औषध देतो, मग स्नायू सैल करायचं औषध देतो, त्याने पेशंटचा स्वतःचा श्वास थांबतो, आणि मग तोंड उघडून, जीभ बाजूला करून, स्वरयंत्रातून श्वासनलिकेत नळी टाकतो. त्या नळीतून मशीन श्वास देतं. ही नळी टाकताना माझं तोंड पेशंटच्या तोंडापासून फार तर हातभर लांब असतं, घशात बघायचं साधं उपकरण, लॅरिंगोस्कोप, वापरलं तर वाकून घशात बघावंच लागतं. आता श्वासातून पसरणारा आजार आला तर सगळ्यात जवळ कोण?

ही भीती उगाच नव्हती. २००३ मध्ये सार्सची साथ आली होती, टोरांटोमध्ये पेशंटला नळी टाकताना त्या खोलीत असलेल्या स्टाफला लागण झाली होती, आणि नंतर सगळ्या अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला तेव्हा असं निघालं की नळी टाकणाऱ्यांमध्ये लागण होण्याची शक्यता इतरांपेक्षा साडेसहा पटीच्या आसपास जास्त होती. तो आकडा २०२० मध्ये आमच्या प्रत्येकाच्या डोक्यात होता. डब्ल्यूएचओने ११ मार्चला महामारी जाहीर केली, त्याच्या दोन दिवस आधी पुण्यात राज्यातला पहिला पेशंट सापडला होता, आणि २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन. पंधरा दिवसांत सगळं बदललं.

त्यात मे महिन्यात लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक पेपर आला. २४ देशांतल्या २३५ हॉस्पिटलमधले ११२८ पेशंट, ज्यांना ऑपरेशनच्या आगेमागे कोविड झाला होता. त्यातले २३.८ टक्के तीस दिवसांत गेले. जवळजवळ चारातला एक. निम्म्याहून जास्त लोकांना फुप्फुसाचा त्रास झाला. आता यातले तीन चतुर्थांश पेशंट इमर्जन्सीचे होते हे खरंय, म्हणजे आधीच सिरियस, पण जे ठरवून केलेल्या ऑपरेशनचे होते त्यांच्यातसुद्धा मृत्यूचं प्रमाण १८.९ टक्के होतं. ऑपरेशनमुळे शरीरावर ताण येतो, प्रतिकारशक्ती काही काळ खाली जाते, भुलीमुळे फुप्फुसाचा तळाचा भाग दबतो, आणि वर हा विषाणू. हे वाचल्यावर कुठलाही सर्जन म्हणणार की हर्निया थांबू दे. मी पण तेच म्हणत होते.

आता प्रत्यक्ष काम कसं बदललं ते सांगते, एकच उदाहरण घेते, सिझरचं. बाळाचे ठोके कमी झाले, तातडीने सिझर करायचंय. निर्णय झाल्यापासून अर्ध्या तासात बाळ बाहेर यावं असा आमचा प्रयत्न असतो. एरवी मी धावत येते, हात धुते, कमरेत इंजेक्शन देते, झालं. कोविड पॉझिटिव्ह बाईसाठी आधी किट घालायचं. बुटाची कव्हर, गाऊन, एन-९५, गॉगल, हूड, फेस शील्ड, दोन ग्लोव्हज, आणि दुसरा माणूस समोर उभा राहून कुठे फट राहिलीय का बघणार. दहा मिनिटं जातात. तुम्ही कितीही घाई करा, जातातच. आणि ती दहा मिनिटं बाहेर बाळाचे ठोके मोजत कुणीतरी उभं असतं. मग आत गेल्यावर गॉगलवर वाफ. स्पायनलची, म्हणजे कमरेतल्या त्या इंजेक्शनची सुई केसासारखी बारीक असते, पंचवीस किंवा सत्तावीस नंबरची, ती आत जाताना शेवटच्या पडद्यातून गेली की बोटाला एक हलकासा टक् असा जाणवतो, तो दोन ग्लोव्हजमधून जाणवत नाही. म्हणून मग स्टायलेट, म्हणजे सुईच्या आतली बारीक तार, पुन्हा पुन्हा काढून बघायची, मणक्यातलं पाणी आलं का, पाणी आलं का. स्टेथोस्कोप कानाला लावता येत नाही कारण कान हूडच्या आत. बोललेलं ऐकू जात नाही. आम्ही किटच्या छातीवर मार्करने नावं लिहायचो, कारण सर्जन कोण आणि सिस्टर कोण हे एकमेकांना कळेना. आणि ती बाई, जिची पहिली खेप, घरचं कुणी सोबत नाही, आजूबाजूला सगळे पांढऱ्या कपड्यातले, एकाचाही चेहरा दिसत नाही. मी तिच्या कपाळावर हात ठेवून बोलायचे, दोन मास्कमधून ओरडूनच बोलावं लागायचं. मुंबईचं नायर हॉस्पिटल कोविडसाठी राखीव केलं होतं, तिथे पॉझिटिव्ह आयांची शेकडो बाळंतपणं झाली, म्हणजे हे जे मी एका केसचं सांगतेय ते त्या लोकांनी दिवसरात्र केलंय. त्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

सिझरला कमरेतली भूल चालते, ती तर आम्ही शक्य तिथे पसंत करतच होतो, कारण पेशंट स्वतः श्वास घेतो, तोंडावर मास्क तसाच राहतो. पण सगळी ऑपरेशन त्यात होत नाहीत. पूर्ण भूल द्यायची झाली तर नवी पद्धत अशी: पेशंटला पाच मिनिटं घट्ट मास्कने ऑक्सिजन द्यायचा, औषधं एकापाठोपाठ भराभर द्यायची, मधे मास्कने फुगे मारून श्वास द्यायचा नाही कारण त्यात हवा बाजूने निसटते, व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने स्क्रीनवर बघत नळी टाकायची म्हणजे तोंड जवळ न्यावं लागत नाही, नळीचा फुगा फुगवल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही, सर्किटला, म्हणजे मशीन आणि पेशंटमधल्या नळ्यांना, फिल्टर, आणि सर्किट काढायचंच झालं तर आधी नळीला चिमटा. खोलीत कमीत कमी माणसं. आणि नळी सगळ्यात अनुभवी माणसाने टाकायची, शिकाऊने नाही. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप हे यंत्र तोपर्यंत आपल्याकडे लहान हॉस्पिटलमध्ये चैन समजली जायची, कोविडमुळे ते जिल्ह्याच्या आणि बऱ्याच ठिकाणी तालुक्याच्या पातळीपर्यंत आलं, आणि ते राहिलं. कोविडने दिलेल्या मोजक्या चांगल्या गोष्टींतली ही एक.

पण सगळ्याच नव्या गोष्टी चांगल्या नव्हत्या. तुम्ही फोटो पाहिले असतील, पेशंटच्या डोक्यावर पारदर्शक पेटी, त्याला दोन भोकं, त्यातून हात घालून डॉक्टर नळी टाकतायत. तैवानमधल्या एका भूलतज्ज्ञांनी ती बनवली आणि डिझाइन सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं, फार चांगल्या भावनेने. आपल्याकडे गावोगावी अॅक्रिलिकवाल्यांनी त्या पेट्या बनवून हॉस्पिटलला दान दिल्या. पण नंतर जेव्हा मोजून बघितलं तेव्हा कळलं की पेटीमुळे नळी टाकायला जास्त वेळ लागतो, हात अडकतात, किट फाटतं, आणि हाताच्या भोकातून कण उलट डॉक्टरच्या अंगावर जास्त येऊ शकतात. अमेरिकेत औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या एफडीएने ऑगस्ट २०२० मध्ये अशा पेट्यांची तातडीची परवानगी काढून घेतली. दान देणाऱ्यांना मी दोष देत नाही, त्यांनी मनापासून दिलं. मला एवढंच सांगायचंय की साथीच्या काळात जे दिसायला सुरक्षित वाटतं ते मोजल्याशिवाय खरं धरायचं नाही.

आणि मोजण्याची अजून एक गोष्ट. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला काही भूलतज्ज्ञांनी आणि हवेतले कण मोजणाऱ्या शास्त्रज्ञांनी मिळून ओटीत यंत्र लावलं आणि नळी टाकताना खरंच किती कण उडतात ते मोजलं. निघालं काय, तर पेशंटच्या एका खोकल्यात जेवढे कण बाहेर येतात त्याच्या पासंगालाही नळी टाकतानाचे कण पुरत नाहीत. म्हणजे भुलीच्या औषधाने शांत झोपलेल्या, स्नायू सैल झालेल्या पेशंटपेक्षा वॉर्डात खोकणारा पेशंट जास्त धोक्याचा, आणि त्या वॉर्डात साध्या मास्कवर उभ्या असलेल्या आमच्या सिस्टर आणि मावशी आमच्यापेक्षा जास्त धोक्यात होत्या. हे २०२० च्या शेवटाला कळलं. पण तोपर्यंत चांगले मास्क ओटीत आणि आयसीयूत, आणि वॉर्डातल्या झाडूवाल्या मावशीला कापडी. ही गोष्ट मला अजून सलते.

हवेचं पण सांगते, कारण ते तुम्हाला सहज दिसत नाही. चांगल्या ओटीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवलेला असतो, म्हणजे दार उघडलं तर आतली स्वच्छ हवा बाहेर जाते, बाहेरची धूळ आत येत नाही. जखमेसाठी हे उत्तम. पण पेशंटलाच श्वासाचा आजार असेल तर तीच यंत्रणा विषाणू कॉरिडॉरमध्ये ढकलते. मग कुठे एसी बंद ठेवला, कुठे एक्झॉस्ट बसवून दाब उलटा केला. एका खोलीतली हवा जितके वेळा पूर्ण बदलते त्यावर सगळं अवलंबून, पाच वेळा बदलली की आधीचे कण एक टक्क्याच्याही खाली येतात. मोठ्या ओटीत तासाला वीस वेळा हवा बदलते, म्हणजे पंधरा मिनिटं थांबलं की पुढची केस घेता येते. आपल्याकडच्या नर्सिंग होममध्ये काय असतं, भिंतीवरचा स्प्लिट एसी. तो बाहेरची हवा आत घेतच नाही, तीच हवा गार करून फिरवतो. तिथे दोन केसमध्ये तास, दीड तास, खिडक्या उघडून थांबावं लागायचं. जिथे दिवसाला सहा ऑपरेशन व्हायची तिथे दोन व्हायला लागली, याचं मोठं कारण हे होतं. मे महिन्यात एसी बंद ठेवून किटमध्ये तीन तास उभं राहणं काय असतं ते मी वेगळं सांगत नाही.

बरं, मग ऑपरेशन बंद का पडली? लोकांना वाटतं की धोक्यामुळे. धोका होताच, पण त्याहून मोठं कारण माणसं. ओटी रिकामी होती, पण ती चालवणारी माणसं आयसीयूत होती. व्हेंटिलेटर चालवायला, नळ्या टाकायला, मोठ्या शिरेत नळी, म्हणजे सेंट्रल लाइन, टाकायला कोण लागतं? भूलतज्ज्ञच.

याची मुळं दुसऱ्याच एका साथीत आहेत. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयानक साथ आली. ब्लेगडॅम हॉस्पिटलमध्ये श्वास बंद पडलेले पेशंट, आणि लोखंडी फुप्फुस म्हणतात ते मशीन होतं एकच. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ पेशंटपैकी २७ गेले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाला बोलावलं. त्याने सांगितलं की आम्ही ओटीत रोज करतो तेच करा, गळ्याला छेद देऊन नळी टाका आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास द्या. ऑगस्टमध्ये एका १२ वर्षांच्या मुलीवर हे करून दाखवलं, ती वाचली. मग प्रश्न आला की एवढ्या पिशव्या दाबायला माणसं कुठून आणायची, तर मेडिकलच्या विद्यार्थ्यांना पाळ्या लावून बसवलं, जवळजवळ दीड हजार विद्यार्थ्यांनी मिळून महिनोन्महिने हाताने श्वास दिला, एका वेळी सत्तर-सत्तर पेशंटना. मृत्यूचं प्रमाण ८७ टक्क्यांवरून निम्म्याखाली आलं. त्यातूनच पुढच्या वर्षी आयसीयू ही गोष्ट जन्माला आली. म्हणजे आयसीयू हे भूलतज्ज्ञाच्या हातातलंच काम वॉर्डात आणून उभं राहिलेलं आहे, आणि म्हणून साथ आली की सगळ्यात आधी ओटीतून भूलतज्ज्ञ उचलले जातात, आणि ते उचलले की सर्जन कितीही तयार असला तरी ऑपरेशन बंद. जोपर्यंत हे सरकारच्या नियोजनात लिहिलं जात नाही तोपर्यंत प्रत्येक साथीत हेच होणार.

आपल्या राज्यात तर अजून एक पदर होता. पुण्याच्या ससून हॉस्पिटलची अकरा मजली नवी इमारत कोविडसाठी लागली, खाजगी हॉस्पिटलमधले ८० टक्के बेड मे २०२० मध्ये सरकारने स्वतःच्या नियंत्रणाखाली घेतले. गरज होती म्हणून घेतले. पण तुमच्यामाझ्यासारख्या गावातली बहुतेक ऑपरेशन कुठे होतात? दहा-पंधरा बेडच्या नर्सिंग होममध्ये. आणि तिथे स्वतःचा भूलतज्ज्ञ नसतो. माझ्यासारखा फिरता भूलतज्ज्ञ असतो, गाडीत औषधांची पेटी, सकाळी या गावात सिझर, दुपारी दुसऱ्या गावात हाड, संध्याकाळी तिसरीकडे अपेंडिक्स. साथीत हा माणूस सगळ्यांना नको झाला. या हॉस्पिटलमधून त्या हॉस्पिटलमध्ये आजार नेईल म्हणून. आम्हाला स्पष्ट सांगण्यात आलं की तुम्ही कोविड सेंटरला ड्युटी केली तर आमच्याकडे येऊ नका. किट ज्याने त्याने आपापलं विकत घ्यायचं. महिन्याचा पगार नाही, केस झाली तर पैसे, आणि केसच नाहीत. काही जणांनी नाइलाजाने प्रॅक्टिस सोडली, आमच्यातले काही लोक गेले. त्यांची नावं इथे घेत नाही, त्यांच्या घरच्यांना विचारलेलं नाही. पण लक्षात घ्या, असा एक माणूस गेला की चार-पाच गावांतली ऑपरेशन थांबतात.

आता किंमत काय मोजली ते. जगभराचा अंदाज काढला होता की साथीचा जोर असलेल्या बारा आठवड्यांत २ कोटी ८४ लाख ठरलेली ऑपरेशन रद्द होतील किंवा पुढे जातील, आणि नंतर प्रत्येक देशाने नेहमीपेक्षा २० टक्के जास्त ऑपरेशन केली तरी तुंबलेलं काम निस्तरायला ४५ आठवडे लागतील. इंग्लंडच्या एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, जिथे आपली कितीतरी मराठी डॉक्टर मुलंमुली काम करतात, वेटिंग लिस्ट साथीच्या आधी ४५ लाखांच्या आसपास होती ती २०२३ मध्ये ७७ लाखांवर गेली. तिथे निदान यादी तरी आहे. आपल्याकडे यादीच नाही, त्यामुळे कोण राहून गेलं ते कळायला मार्ग नाही. मोतीबिंदू पिकून दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं झालेले आजोबा कुठल्याच आकड्यात नाहीत.

इमर्जन्सी चालूच होत्या असं सांगितलं जातं, आणि कागदावर ते खरं आहे. पण एसटी बंद, गाडीला पास पाहिजे, आणि हॉस्पिटलला गेलं की चौदा दिवस कोंडून ठेवतील ही धास्ती. पोटात दुखणारा मुलगा दोन दिवस ओव्याचं पाणी पीत घरी राहिला, आला तो अपेंडिक्स फुटून, सगळ्या पोटात पू. अशा पेशंटला भूल देणं आणि साध्या अपेंडिक्सला भूल देणं यात जमीनअस्मानाचा फरक असतो, ब्लड प्रेशर लागत नसतं, लघवी उतरलेली नसते, आणि तोच मुलगा दोन दिवस आधी आला असता तर तिसऱ्या दिवशी घरी गेला असता. आल्यावरही कोविडची टेस्ट. सुरुवातीला आरटीपीसीआर साडेचार हजाराची, जूनमध्ये राज्य सरकारने २२०० वर आणली, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी. फुटलेलं अपेंडिक्स दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही. मग पॉझिटिव्हच आहे असं धरून किट घालून घ्यायची केस. बऱ्याच ठिकाणी घेतल्या. बऱ्याच ठिकाणी "इथे होणार नाही, जिल्ह्याला न्या" असंही सांगितलं.

कॅन्सरचं तर मोजलेलं आहे. देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांनी मार्च ते मे २०२० ची तुलना आदल्या वर्षाच्या त्याच तीन महिन्यांशी केली. नवीन पेशंटची नोंदणी ५४ टक्क्यांनी घटली. मोठी ऑपरेशन ४९ टक्क्यांनी घटली. कॅन्सर काही घटला नव्हता. हे लोक कुठेतरी घरी बसले होते, गाठ हाताला लागत असताना.

आणि आता ते मुंबईचं उदाहरण. परळचं टाटा हॉस्पिटल. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२०, म्हणजे कडक लॉकडाऊनच्या ऐन मध्यात, मुंबईत साथ चढत असताना, त्यांनी कॅन्सरची ४९४ ठरवून केलेली ऑपरेशन केली. त्या ४९४ मधला एकही पेशंट ऑपरेशननंतर दगावला नाही. सहा जण नंतर कोविड पॉझिटिव्ह निघाले, तेही बरे झाले. हे वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं. काही जादू केली नव्हती त्यांनी. पेशंट निवडून घेतले, लक्षणं नीट तपासली, स्टाफच्या तुकड्या वेगळ्या केल्या, आणि मुख्य म्हणजे बंद करायचं नाही हे ठरवलं. त्याच वर्षी ५५ देशांतल्या नऊ हजारांवर कॅन्सर पेशंटचा अभ्यास आला, त्यात ज्या हॉस्पिटलने ऑपरेशनचा रस्ता कोविडपासून पूर्ण वेगळा ठेवला होता, म्हणजे वेगळं दार, वेगळी ओटी, वेगळा वॉर्ड, वेगळा स्टाफ, तिथे ऑपरेशननंतरचा फुप्फुसाचा त्रास २.२ टक्के, आणि जिथे सगळं एकत्र तिथे ४.९. निम्म्याहून कमी. मी जे सुरुवातीला म्हणाले ना, ते याच्या जोरावर म्हणाले.

दुसरी लाट वेगळी होती. २०२१ चा एप्रिल. तेव्हा किट होते, लस आम्हाला मिळाली होती, टेस्ट होत्या, पण ऑक्सिजन नव्हता. एक हिशोब सांगते. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण सात हजार लिटर ऑक्सिजन. नाकातून जोरात ऑक्सिजन देणाऱ्या हाय फ्लो मशीनवरच्या एका पेशंटला मिनिटाला साठ लिटरपर्यंत लागतो, म्हणजे एक जम्बो सिलिंडर दोन तासांच्या आत संपला. एका पेशंटला. आणि आमच्या भुलीच्या मशीनमध्ये पेशंटने सोडलेला वायू सोडा लाइममधून, म्हणजे कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या दाण्यांमधून, गाळून पुन्हा वापरता येतो, नीट चालवलं तर मिनिटाला एक लिटर, अर्धा लिटरवरसुद्धा ऑपरेशन पार पडतं. लो फ्लो म्हणतात त्याला. हे पुस्तकात कित्येक वर्षं होतं, पण सवयीने सगळे चार-पाच लिटर सोडायचे, कारण ऑक्सिजन फुकटच आल्यासारखा वाटायचा. त्या एप्रिलमध्ये सगळे लो फ्लो शिकले. सिझर चालू असताना बाहेर मॅनिफोल्डवाल्या, म्हणजे सिलिंडरची जोडणी सांभाळणाऱ्या, मामांना अर्ध्या अर्ध्या तासाने विचारायचं, किती उरलाय, आणि ते बोटं दाखवायचे. विशाखापट्टणमहून टँकर रेल्वेवर चढवून नागपूर-नाशिकला आणले ते त्याच आठवड्यात, आणि त्याच आठवड्यात, २१ एप्रिलला, नाशिकच्या महापालिका हॉस्पिटलमध्ये टाकीला गळती लागून दाब पडला आणि वीसहून जास्त पेशंट गेले. ऑक्सिजनचा दाब पडणं म्हणजे काय हे आम्हाला ओटीत कळतं, अलार्म वाजतो, आम्ही मागचा सिलिंडर उघडतो. वॉर्डात दीडशे पेशंटच्या मागे सिलिंडर नसतो.

आणि ती लाट ओसरत असताना म्युकर आला. काळी बुरशी. नाक, सायनस, टाळू, डोळा, तिथून मेंदू. केंद्राने २० मे २०२१ ला राज्यांना सांगितलं की साथरोग कायद्याखाली याची नोंद सक्तीची करा, आणि सगळ्यात जास्त केसेस असलेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गुजरात वरच होते. आपल्याकडे घरोघरी डायबिटीस, त्यात कोविडसाठी दिलेले स्टेरॉइड, साखर चारशे-पाचशे. औषध एकटं पुरत नाही, मेलेला भाग खरवडून काढावाच लागतो. म्हणजे ऑपरेशन, आणि पूर्ण भूल. आता विचार करा, पेशंट कोण? तीन आठवड्यांपूर्वी ऑक्सिजनवर असलेला. फुप्फुस अजून बरं झालेलं नाही. तोंड नीट उघडत नाही कारण जबडा सुजलाय, चेहऱ्यावर सूज असल्याने मास्क बसत नाही, घशात खपल्या. अँफोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाचं इंजेक्शन चालू, त्याने किडनीवर परिणाम, रक्तातलं पोटॅशियम खाली, आणि पोटॅशियम खाली असताना भूल दिली तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ऑपरेशन एकदा नाही, दोनदा, तीनदा, कारण बुरशी मागे राहते. एका चाळिशीतल्या शेतकऱ्याचा वरचा जबडा आणि एक डोळा काढावा लागला, त्याच्या बायकोने मला ओटीच्या दारात विचारलं, "डॉक्टर, ते ऊठतील ना?" माझ्याकडे देण्यासारखं उत्तर नव्हतं, मी म्हणाले मी त्यांच्या डोक्याशीच बसणार आहे, हलणार नाही. तो उठला. त्याच्यासारखे सगळे उठले नाहीत.

हे सांगायचं कारण असं की त्याच काळात एक मोठा अभ्यास आला होता, ११६ देश, एक लाख चाळीस हजार पेशंट. कोविड झाल्यावर ऑपरेशन कधी करावं? तर सहा आठवड्यांच्या आत केलं तर मृत्यूचं प्रमाण साडेतीन ते चार टक्के, सात आठवडे थांबलं की दीड टक्का, म्हणजे कोविड न झालेल्या माणसाइतकंच. म्हणून जगभर सात आठवड्यांचा नियम झाला. आणि आम्ही म्युकरच्या पेशंटला तिसऱ्या आठवड्यात भूल देत होतो, कारण सात आठवडे थांबलो असतो तर बुरशी मेंदूत गेली असती. नियम माहीत असून मोडावा लागणं ही वेगळीच परीक्षा असते.

अजून एक नुकसान, जे आत्ता दिसतंय. २०२० मध्ये सर्जरीला लागलेली पोरं, त्यांनी पहिलं दीड वर्ष कोविड वॉर्डात काढलं. हाड, कान-नाक-घसा, डोळ्याचे रेसिडेंट, म्हणजे शिकणारे डॉक्टर, सगळे. ज्या वयात हातातून शेकडो केसेस जायच्या त्या वयात त्यांनी सॅच्युरेशनचे तक्ते भरले. नीट पीजी, म्हणजे डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाची प्रवेश परीक्षा, २०२१ च्या एप्रिलमधून सप्टेंबरवर गेली आणि त्यापुढे प्रवेश अडकले ते जानेवारी २०२२ पर्यंत, म्हणजे कॉलेजमध्ये एक अख्खी बॅच कमी, दोन बॅचने तीन बॅचचं काम ओढलं. ते आज तुमच्या गावात ऑपरेशन करतायत. चांगलं करतायत, पण त्यांना हे जास्तीचं कष्ट घेऊन भरून काढावं लागलंय.

पुढच्या वेळी काय, हे माझ्यापुरतं सांगते. प्रत्येक जिल्ह्यात एक तरी हॉस्पिटल असं आधीच ठरलेलं पाहिजे की साथ आली तरी तिथे फक्त ऑपरेशन होतील, साथीचा पेशंट तिथे जाणार नाही, आणि तिथले भूलतज्ज्ञ कुणी उचलून नेणार नाही. कॅन्सर, बाळंतपण, अपघात, फुटलेलं पोट, हे तिथे. फिरत्या भूलतज्ज्ञांची जिल्ह्याला यादी पाहिजे, त्यांना साथीच्या काळात ठराविक मानधन आणि किट पाहिजे, आणि एका माणसाला एकच हॉस्पिटल. रद्द झालेल्या ऑपरेशनची नोंद पाहिजे, नाव, गाव, फोन, म्हणजे नंतर बोलावता येईल. आणि कोविडनंतर देशभर हजाराहून जास्त पीएसए प्लांट, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारी यंत्रं, बसवलेत, तुमच्या जवळच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये असेल तर जाऊन विचारा की तो शेवटचा कधी चालवला होता आणि ऑक्सिजनची शुद्धता कधी मोजली होती. ९० टक्क्यांच्या खाली गेली तर तो पेशंटला चालत नाही. असा प्रश्न नागरिकांनी विचारला की मशीन चालू राहतं, हा माझा अनुभव आहे.

मगाशी चिठ्ठी आलीय की आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, मागच्या महिन्यात ताप-खोकला येऊन गेला, कोविड टेस्ट लागेल का, सात आठवडे थांबायचं का. आता बहुतेक ठिकाणी लक्षणं नसतील तर टेस्ट करत नाहीत. सात आठवड्यांचा नियमही सैल झालाय, कारण लस आहे आणि आताचा आजार सौम्य आहे. साधारण दोन आठवडे तरी जाऊ द्यायचे, आणि त्यानंतर वय, दम लागतो का, जिना चढता येतो का, डायबिटीस आहे का, ऑपरेशन किती मोठं, यावर ठरवायचं. मागच्या महिन्यातला ताप आणि आता आई घरात व्यवस्थित फिरतायत, दम लागत नाही, तर बहुतेक अडचण येणार नाही. पण भूलतज्ज्ञांना ऑपरेशनच्या आधी भेटा, आदल्या रात्री नाही, आठवडाभर आधी, आणि तो ताप-खोकला सांगा. तारीख जाईल म्हणून बरेच जण लपवतात. गुडघ्याचं ऑपरेशन पंधरा दिवस पुढे गेलं तर काही बिघडत नाही.